गुरुवारचा शब्द

किस्से जमवायला मी कधी मुद्दाम गेलो नाही. सात-आठ माणसं दर आठवड्याला एकाच सतरंजीवर बसून बायबलमधल्या एकाच शब्दावर तासभर वाद घालायला लागली, की ते आपोआप साठतात. घरी येऊन बायकोला सांगायचे. ती हसली नाही तर शाळेतल्या मास्तरांना सांगायचे!

मी मूळचा लोह्याचा, मास्तरकीच्या नोकरीसाठी लातुरात आलेला. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दोन वर्षं पावसाचा पत्ता नव्हता. आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, देगलूरकडचे, स्वतःच्या हिमतीवर ग्रीक शिकलेले. त्यांचं म्हणणं असं, की चर्चमध्ये आपण शब्द जुने वापरतो आणि अर्थ आपल्या सोयीचे लावतो. म्हणून गुरुवारच्या अभ्यासवर्गात त्यांनी नियमच केला : शब्दाचा मूळ अर्थ जो सांगेल, त्यानं तो आठवडाभर करून दाखवायचा!

पहिल्याच महिन्यात वर्गातले अर्धे विद्वान गप्प झाले.

*

शमुवेलराव नव्या कलेक्टर ऑफिसात हेडक्लार्क. डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, म्हणून निवडून आल्यापासून चर्चमध्ये पहिल्या रांगेतल्या खुर्चीशिवाय बसत नसत. एका गुरुवारी जोशात येऊन त्यांनीच सांगितलं, की ग्रीकमध्ये डीकन म्हणजे पंगतीत वाढणारा. सांगून झाल्यावर त्यांना नियम आठवला!

रविवारी मंडळीचं जेवण होतं. शमुवेलराव कमरेला टॉवेल गुंडाळून वरणाची बादली घेऊन फिरत होते. तेवढ्यात ऑफिसातला शिपाई कसल्याशा सहीसाठी तिथे आला आणि बघतच राहिला.

"साहेब, डिमोशन झालं काय?"

"न्हाई रे, प्रमोशन हाय! बस, ताट घे."

*

पाळकसाहेबांनी एकदा दाखवून दिलं, की नव्या करारात 'संत' हा शब्द साध्या विश्वासणाऱ्यांसाठी वापरलाय. झालं! आठवडाभर ते सगळ्यांना तशीच हाक मारत होते. संत शमुवेल, संत रूथबाई, आणि मी संत मास्तर.

चर्चला लागूनच अप्पांचं किराणा दुकान. अप्पा शिवभक्त, कपाळाला रोज भस्म. त्यांनी हे ऐकलं आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या सिस्टर असलेल्या आमच्या रूथबाईंना विचारलं, "बाई, आमच्यात संत म्हनायचं तर मानूस जाऊन लई वर्षं व्हावी लागतेत. तुमच्यात एवढे जिते संत कसे काय?"

रूथबाई तूरडाळ निवडून घेत म्हणाल्या, "जितेपनीच व्हावं लागतंय अप्पा, म्हनून तर अवघड हाय!"

*

दुष्काळात पावसासाठी उपासाचा शुक्रवार ठरला. रूथबाई म्हणाल्या, "नुसतं पोट रिकामं ठेवनं म्हंजी उपास न्हाई. आपल्या ताटातली भाकर भुकेल्याच्या ताटात गेली पायजे. बायबलात संदेष्ट्यानं साफ सांगितलंय."

म्हणून ज्यानं त्यानं आपली न खाल्लेली भाकर आणायची आणि मुरुडच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना द्यायची, असं ठरलं. शमुवेलरावांनी एक भाकर आणली. "डॉक्टरनं कमी खायला सांगितलंय," ते म्हणाले. मागून त्यांच्या बायकोनं आणखी तीन आणून ठेवल्या. "डॉक्टरला सांगितलेलं येगळं, देवाला खरं सांगावं लागतंय!"

भाकरी वाटून निघालो, तर खडीच्या ढिगावरून एका म्हातारीनं विचारलं, "बाई, तुमचा फुडला उपास कवा हाय?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी फार लाज वाटली. त्यानंतर आम्ही दर शुक्रवारी उपास धरला.

*

मुरुडच्या सुंदरामावशींचा किस्सा मी फारसा कुणाला सांगत नाही. मावशी सत्तरीच्या पुढच्या. नवऱ्याची परवानगी नव्हती, म्हणून चाळीस वर्षं बाप्तिस्म्याशिवाय मागच्या बाकावर बसलेल्या. नवरा गेला आणि मावशींनी बाप्तिस्मा मागितला. रूथबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काळीज दमलंय त्यांचं. पावसाळ्याची वाट बघू नका."

पण पाळकसाहेबांच्या मते 'बाप्तिस्मा' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाण्यात बुडवणं असाच होता, आणि नदीत तर धुरळा उडत होता.

"शिंपडून घ्या की," शमुवेलराव म्हणाले. "आपल्यात तशीच रीत हाय."

"चाळीस वर्षं थांबले. आता अर्धवट नको," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "पाळकसाहेब, तुमचा झाला तवा पानी कुठवर होतं?"

 मी पाळकसाहेबांकडे बघितलं. पुस्तकाचं पान त्यांनी दोनदा उलटून पुन्हा होतं तिथं आणलं.

"मी तीन महिन्यांचा होतो," ते शेवटी म्हणाले. "चमचाभर असेल."

"मंग भागलंच की तुमचं!" शमुवेलराव खूश झाले. पाळकसाहेबांना मात्र आता स्वतःचाच नियम लागू होत होता.

चर्चच्या आवारात बांधकामाचा जुना हौद होता. घरटी एक घागर आणायची आणि नंतर ते पाणी जनावरांना सोडायचं, असं ठरलं. अप्पांनी दोन घागरी आणून ओतल्या आणि विचारलं, "ह्ये पानी पिऊन माझी म्हैस रविवारी तुमच्याकडं यायला लागली तर?"

"येऊ द्या," मावशी म्हणाल्या. "माझा बाक रिकामाच व्हनार हाय!"

रविवारी सगळी मंडळी हौदाभोवती उभी राहिली. पाळकसाहेबांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून मावशींना आधार दिला आणि पुरतं बुडवून वर काढलं. मावशी धापा टाकत होत्या आणि हसत होत्या. रूथबाई टॉवेल घेऊन पुढे झाल्या, पण मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"पाळकसाहेब," त्या म्हणाल्या, "पान्यात हायलाच, तर आता तुमी."

"मावशी, तुमाला बाप्तिस्मा द्यायचा अधिकार न्हाई!" शमुवेलराव ओरडले.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मग ते मावशींपुढे पाण्यात गुडघ्यांवर बसले.

"नाक धरा," मावशी म्हणाल्या.