ओव्यांखालची कुजबूज

खिल्लारे गेले, हे मला जिंतूरच्या एसटी स्टँडवर कळलं. ऑफिसचा शिपाई भेटला. म्हणाला, “खिल्लारेसाहेब गेले की हो… कावीळ झालती. आज दुपारी परभणीत सभा हाय.” मिळेल ती गाडी धरून पोचलो, तर फोटोला हार घालायला कोण उभं? आमचे तेव्हाचे साहेब! कोरडे डोळे रुमालानं टिपत म्हणाले, “असा तीक्ष्ण कानाचा माणूस पुन्हा होणे नाही.” त्याच कानापायी या माणसानं खिल्लाऱ्यांना तीन वर्षं गावोगाव फिरवलं होतं. महिना झाला, ते वाक्य अजून कानातून जात नाही.

आमचं प्रचाराचं ऑफिस. त्याचं नाव लिहायचीही किळस येते. रेडिओवर जाणारे गावाकडचे कार्यक्रम आम्ही टेपवर घ्यायचो. टेप बाहेर पडण्याआधी दोघांनी ती अथपासून इतिपर्यंत ऐकायची आणि चिठ्ठीवर दोघांनी सह्या करायच्या, असा रिवाज. पहिली सही खिल्लाऱ्यांची, दुसरी माझी. मी ऐकता ऐकता पेपर वाचायचो. खिल्लारे बूट काढून, डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, “पायात बूट असले की माझं ध्यान बुटातच राहतं.” असा येडा, सरळ माणूस.

आणीबाणीतल्या एका उन्हाळ्यात आम्ही दोघं चुडाव्याच्या गयाबाईंच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायला गेलो. सगळ्या नातवाच्या कौतुकाच्या. मशीनकडे संशयानं बघत म्हातारी म्हणाली, “लेकरा, याच्यात माजाच आवाज ऱ्हाईल ना? दुसऱ्या कुनाचा मिसळायचा न्हाई ना?” “तुमचाच राहील मावशी. माझा शब्द हाय,” खिल्लारे म्हणाले.

साहेब नुकतेच कुठल्याशा शिबिराहून परतले होते. कानाला कळणार नाही इतक्या बारीक आवाजात सांगितलेली गोष्ट थेट मनात उतरते, माणसाला वाटतं आपल्यालाच सुचली, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. झालं! ओव्यांच्या खाली, जात्याच्या घरघरीत, त्यांनी स्वतःच्या आवाजात कुजबूज मिसळून घेतली : “आता मूल नको. ऑपरेशन करून घ्या.” वर म्हातारी नातवाला औक्ष मागतेय आणि तिच्याच गळ्याखाली हा बाबा… शी!

खिल्लाऱ्यांना ते पहिल्याच ऐकण्यात सापडलं. टेप मागं नेऊन त्यांनी मला तीनदा ऐकवलं. एकदा कळल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना. ते तसेच साहेबांकडे गेले. “नसबंदीचा प्रचार करायचाय ना? नाव सांगून, उघड्या तोंडानं करा. माणसाला नको म्हणायला जागा तरी ठेवा. हे तर चोरून घरात शिरणं झालं.” साहेब हसले. “असं करू नये असा नियम दाखवा.” नियम नव्हता. असला नियम करायचं कुणाच्या बापाला सुचणार होतं! खिल्लाऱ्यांनी सही केली नाही. जे ऐकू येत नाही ते कुणाला ऐकवू नये, असा नियम करा म्हणून वर अर्ज धाडला. आठवड्यात बदलीचा हुकूम आला.

पहिली सही साहेबांनी स्वतः ठोकली. दुसरीसाठी चिठ्ठी माझ्या टेबलावर आली. बायको बाळंतपणाला टेकलेली, मोठं पोरगं नुकतंच शाळेत घातलेलं… कारणं काय, पोतंभर सापडतात. मी सही केली.

चुडाव्यात पंचायतीच्या रेडिओपुढं गाव जमलं, गयाबाईंनी गूळ वाटला म्हणे. कुजबूज कुणालाच कळली नाही. नसबंदीच्या शिबिरात माणसं आली ती मास्तरांनी, तलाठ्यांनी धरून आणलेली, पण साहेबांनी अहवालात श्रेय टेपला दिलं. खिल्लारे मात्र बदलीच्या प्रत्येक गावाहून तोच अर्ज पाठवत राहिले. सरकार बदललं, उत्तर तेच… विचाराधीन.

सभेनंतर खिल्लाऱ्यांच्या घरी वहिनींकडे गेलो. रेडिओ एवढ्या मोठ्यानं चालू होता की बोलणं ऐकू येईना. मी बटणाकडे हात नेला तर म्हणाल्या, “हळू करू नका भाऊजी. लावायचा तर मोठ्यानं, न्हाई तर बंद, असं त्यांचं होतं.” मग चहा ठेवून म्हणाल्या, “एक इचारू? दुसरी सही कोनी केली, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं न्हाई. त्याला लेकरंबाळं हायेत, एवढंच म्हणायचे. तुमाला म्हाईत आसंल…”

मी ओठांतल्या ओठांत नाही म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी उठून रेडिओ बंद केला आणि पुन्हा विचारलं. त्या शांततेत मी चांगलं खणखणीत सांगितलं, “नाही, वहिनी. मला माहीत नाही.”

वहिनी, हे ज्यात छापून येतंय तो पेपर तुमच्याकडे येतो. ती सही मी केली.