आत्याबाईंनी मनात धरलेला प्रश्न

हसणार नसाल तर सांगतो. आणि हसणारच असाल, तर आधी चहा ओता, मग सांगतो. स्वतःच्या लग्नाच्या वाटेत स्वतःच्या हाताने खड्डा खणणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. पण खड्डा खणून, त्यात उतरून, वर उभ्या असलेल्या सासरच्या मंडळींना तो किती सुबक झालाय हे समजावून सांगणारा माणूस पाहिलाय का? नसेल तर माझ्याकडे बघा.

मी पेडण्याचा. घरी बसून एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करतो, ते पोटासाठी. उरलेल्या वेळात जे करतो ते कशासाठी, हे आईला अजून कळलेलं नाही.

त्याचं असं आहे. एक खेळ असतो. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. गुहेत शिरायचं की नाही, समोर आलेल्या राक्षसाशी लढायचं की गोड बोलायचं, हे खेळणाऱ्यांनी ठरवायचं. पुढे काय घडतं ते फासे सांगतात. हल्ली हे मेज इंटरनेटवर मिळतं, म्हणजे एक जण पेडण्यात आणि दुसरा बेळगावात बसूनही खेळता येतं. पण त्या मेजावर चालतात ते सगळे नवे, मवाळ नियम. आम्हाला हवे जुने. जुन्या नियमांत माणूस पटकन मरतो, म्हणून मजा जास्त! ते जुने नियम नव्या मेजावर चालावेत म्हणून मी अ‍ॅड-ऑन लिहितो. मूळ प्रोग्रॅमला मागून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बस.

या जुन्या नियमांची एक खोड आहे. एका ठिकाणी आकडा मोठा आला तर चांगलं, दुसऱ्या ठिकाणी लहान आला तर चांगलं. चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं चिलखत भक्कम. का? ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ही खोड तेवढी ध्यानात ठेवा, हिनेच माझा घात केला.

तर त्या दिवसांत माझं लग्न ठरत होतं. मुलगी डिचोलीची, रश्मी. शाळेत गणित शिकवायची. आम्ही दोनदा भेटलो होतो आणि खरं सांगतो, दुसऱ्या भेटीनंतर मला दुसरं काही सुचत नव्हतं. तिने सरळ सांगितलं होतं, "माझ्याकडून हो आहे. पण आई गेल्यापासून मला आत्याने वाढवलंय. आत्या हो म्हणाली तर हो."

आणि ही आत्या, आमोण्याची कुसुमआत्या, रविवारी घर बघायला येणार होती. सोबत रश्मीचे वडील. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ बोलत कमी आणि बघत जास्त.

रविवार उजाडला. आईने बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा सोपा, दोनदा धुतला. मंडळी आली, चहा झाला, घर बघून झालं, विहिरीचं कौतुक झालं. सगळं कसं सुरळीत! आणि मग आत्याबाईंचं लक्ष माझ्या लॅपटॉपकडे गेलं.

"तूं सगळो दीस ह्या पेटयेमुखार बसून कितें करता रे बाबा?"

आता, कंपनीचं काम दाखवून गप्प बसायचं की नाही? पण नाही! आदल्याच दिवशी माझ्या अ‍ॅड-ऑनमध्ये एक नवा तक्ता बसवला होता, त्याची खुमखुमी. परका कुणी समोर आला तर तो कसा वागेल, हे सांगणारा तक्ता. दोन फासे टाकायचे, बेरीज बघायची. सगळ्यात खाली 'दिसताक्षणी हल्ला', सगळ्यात वर 'गळ्यात गळा'. आमच्या बेळगावच्या मित्रांसाठी मी हे सगळं मराठीत घातलं होतं. वर आवाजही जोडले होते.

मी दहा मिनिटं समजावत होतो. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलेना.

"म्हाका समजता तशें सांग," त्या म्हणाल्या.

"अरे, त्येंका नीट सांग, काय करतंस ता," आईने मागून ढोसलं.

आणि मी, अति शहाणा, म्हणालो, "आत्याबाई, देवळात प्रसाद लावतात ना, तसंच समजा. आपण विचारायचं, हा सांगणार."

झालं!

तुम्ही आमच्या बाजूचे नसाल तर एवढं सांगतो. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं असलं की देवळात जातात. भट देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न घालायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर विषय संपला. त्यावर वाद नाही आणि चर्चाही नाही. जमिनी, भांडणं, लग्नं, सगळं त्या पाकळीवर ठरतं. आणि मी त्या पाकळीच्या शेजारी माझा लॅपटॉप नेऊन ठेवला होता.

आत्याबाई सावरून बसल्या. पदर खांद्यावरून घेतला. "प्रश्न मनांत धरल्यार चलता?"

"चलता की!" मी हसत म्हणालो. मला वाटलं, गंमत चाललीय.

गंमत कसली? त्या उठून हात धुऊन आल्या. आईने घाईघाईने मेजावरची बिस्किटांची बशी बाजूला केली आणि लॅपटॉप पूर्वेकडे वळवला. भाऊंनी चष्मा काढून पुसला. आत्याबाईंनी डोळे मिटून लॅपटॉपला हात जोडले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या आणि एका बोटाने बटण दाबलं.

फासे गडगडले. एक आणि एक. दोन!

स्पीकरमधून डरकाळी फुटली. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं: 'दिसताक्षणी हल्ला. दयामाया नाही.'

आत्याबाईंनी आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. असं बघितलं, असं बघितलं, की मी घाईघाईने स्पीकरच बंद केला. त्यांनी काय विचारलं असणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? 'आमच्या पोरीला हे घर कसं वागवेल?' दुसरं काय?

"परत दाबा!" मी ओरडलो. "एकदा चुकून येतं असं!"

आईने कपाळावर हात मारला. "देवाक कोण दोनदा इचारता काय रे?"

मग मला सुचला तो उपाय. ऐका हं, उपाय! मी म्हटलं, "नाही नाही, कौल बरोबर आहे, प्रोग्रॅम चुकलाय! या जुन्या नियमांत लहान आकडा म्हणजे चांगलं. मी तक्ता उलटा बसवला. दोन म्हणजे खरं तर गळ्यात गळा!" आणि त्यांच्यासमोर फटाफट सगळा तक्ता उलटा केला. नवी आवृत्ती तिथल्या तिथे मित्रांना पाठवूनही दिली, म्हणजे खात्री पटावी.

तेव्हा भाऊ त्या दिवसातलं पहिलं मोठं वाक्य बोलले. "म्हणजे चुकलेलं काम तू कालपासून जगभर वाटत होतास?"

"जगभर नाही हो," मी म्हणालो, "सध्या बेळगावपर्यंतच."

बघा कसा अडकलो! यंत्र खरं म्हणावं, तर आमचं घर राक्षसाचं. यंत्र खोटं म्हणावं, तर मुलाला स्वतःचं काम येत नाही. तिसरी वाट होती गप्प बसण्याची. ती मी घरात पाहुणे आले तेव्हाच सोडली होती.

आत्याबाई उठल्या. पायरीवर चपला घालताना एवढंच म्हणाल्या, "देवळांत प्रसाद लावया. देव सांगत तें खरें."

पुढचे काही दिवस कसे गेले ते विचारू नका. सकाळी पोदेर पाव द्यायला आला तो सायकलवरूनच म्हणाला, "किते रे, तुज्या कंप्युटरान तुजीच सोयरीक मोडली मरे?" शेजारची पार्वतीकाकी दारात येऊन उभी. "माझी म्हस काल्यान परतली नाय. जरा इचार मरे तुझ्या मशिनाक." मी नाही म्हटलं, तर म्हणते कशी, "आमच्या म्हशीसाठी येळ नाय तुका!" रश्मीचा फोन आला, तर ती नुसती हसत होती. मला मात्र जेवण जात नव्हतं. हातातोंडाशी आलेली मुलगी मी एका डरकाळीपायी घालवली होती.

त्यात बेळगावहून प्रकाशचा फोन. "काय करून ठेवलास लेका? आम्ही तलवारी काढून गुहेत शिरलो, तर राक्षस म्हणतोय, या, जेवून जा! आणि आम्ही वाचवायला गेलो ती म्हातारीच आमच्यावर धावून आली!"

"नियमच तसा आहे," मी ठासून सांगितलं. "मी स्वतः तपासलाय." आता माघार घेतो का मी?

शेवटी देवळात गेलो. भटाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मी डोळे घट्ट मिटून उभा. तेवढ्यात आईने माझा दंड दाबला. उजवी पाकळी पडली होती! मला एवढं हलकं वाटलं की तिथेच बसावंसं वाटलं. आत्याबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "देव तुजें बरें करूं रे बाबा." आवाजात एवढी माया, की मी भारावून गेलो. माया वाटली होती मला ती. असो.

लग्न झालं. एके दिवशी दुपारी रश्मी म्हणाली, मलाही खेळ शिकवा. बसली. पहिला राक्षस तिच्या गळ्यात पडला. दुसऱ्याने तिला हार घातला. तिने कपाळाला आठी घातली आणि जुन्या नियमांचं पुस्तक मागितलं. गणिताची बाई ती! बोट ठेवत ठेवत वाचलं आणि म्हणाली, "अहो, या तक्त्यात मोठा आकडाच चांगला. लहान चांगला तो चिलखताचा. तुम्ही चिलखताचा नियम इथे लावलात. आधीचं तुमचं बरोबर होतं की!"

बरोबर होतं! म्हणजे त्या रविवारी यंत्र चुकलंच नव्हतं. त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं ते मी.

त्याच आठवड्यात आत्याबाई फणसाचे गरे घेऊन आल्या. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काय आत्या, यंत्राचा कौल तरी खोटा ठरला ना? इतके दिवस झाले, तुमच्या रश्मीला या घरात कुणी वावगा शब्द बोललंय का?"

आत्याबाईंनी गरा हातातच धरला. "तें हांवें विचारूंकच ना."

"मग काय विचारलं होतंत?"

"हांवें विचारिल्लें, आमचें चेडूं ह्या बापड्याकडेन कशें वागतलें?"

म्हणजे, त्यांची पोरगी माझ्याशी कशी वागेल! "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगिल्लें जाल्यार तूं लग्न केलें आसतें?" त्या शांतपणे म्हणाल्या आणि गरा तोंडात टाकला. "आनी तूंच म्हणालो न्हय, मशीन चुकलां म्हूण. हांवें म्हळें, ताका म्हायती आसतलें."

तेवढ्यात आतून आवाज आला. "अहो! तो तक्ता सरळ केलात का? की मी येऊ बाहेर?"

ती बाहेर यायच्या आत मी तक्ता सरळ केला होता.