घागरीच्या आतला डाख

सेवेत असताना माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक प्रकरणे आता पुसट झाली आहेत. विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या एका वाडीतले प्रकरण मात्र काही केल्या पुसले जात नाही. त्यात ना टोळी होती, ना पाठलाग. होते ते एक म्हातारे गृहस्थ, त्यांची विधवा सून आणि एक जुनी तांब्याची घागर. नावे मी लिहिणार नाही. त्यातले काही जण अजून हयात आहेत.

सुरुवात अकस्मात मृत्यूच्या नोंदीने झाली. नारळ-केळीची वाडी सांभाळणारे ते सासरे सात-आठ महिने आजारी होते. पोटात मुरडा, अंगात रक्त नाही, मग हाताची मनगटे लुळी पडली, शेवटी शेवटी माणसे ओळखेनात. रुग्णालयात झटके येऊन ते गेले. तिथल्या डॉक्टरांनी हिरड्यांवर निळसर-काळी रेघ पाहिली आणि आम्हाला कळवले. शवविच्छेदन झाले, व्हिसेरा राखून प्रयोगशाळेत गेला. अहवाल यायला चार महिने लागले. शरीरात शिसे सापडले होते, आणि तेही भरपूर.

अहवाल आल्यावर थोरला मुलगा ठाण्यात आला. तो बोळिंजला फ्लॅटमध्ये राहायचा. धाकटा भाऊ पूर्वीच वारला होता. त्याची बायको, म्हणजे ही सून, वाडीतल्या घरी सासऱ्यांजवळ राहत होती. मूलबाळ नव्हते.

"साहेब, आमच्या वडिलांनी, दादांनी, गेल्या वर्षी राहतं घर तिच्या नावावर करून दिलं," तो म्हणाला. "आणि त्यानंतरच दादा आजारी पडले. जेवण तिच्याच हातचं, पाणी तिच्याच हातचं. दुसरं कोण होतं घरात?"

फिर्याद नोंदवली, तेव्हाच्या कलम ३०२ खाली. दोन दिवसांनी आमच्या एका खबऱ्याने टीप दिली. आगाशीच्या बाजूला पूजेच्या सामानाचे दुकान आहे, तिथून ही बाई कित्येक महिने शेंदूर नेत होती. दर आठवड्याला एक पुडी. शेंदरात शिसे असते हे पोलिसाला सांगावे लागत नाही. शेंदूर चारून कुणाचा आवाज घालवल्याच्या, कुणाला झिजवून मारल्याच्या गोष्टी आम्ही नोकरीला लागल्यापासून ऐकत आलो. मला वाटले, धागा हाती लागला.

घरझडतीत मसाले, औषधे, उरलेली शेंदराची पुडी, असे सगळे पंचांसमक्ष जप्त केले. "सासरे पाणी कशातून प्यायचे?" असे विचारल्यावर तिने स्वतःच देवघराशेजारची घागर दाखवली. बुडापासून बोटभर उंचीवर ठोकून काढलेली वेल, गळ्याला हातोडीने उठवलेले मठारकामाचे ठिपके, शंभर वर्षांची तरी असावी. घासून लख्ख ठेवलेली. बाकी सगळे तपासणीला गेले. घागर मात्र रिकामी आणि कोरडी होती, म्हणून ती लेबल लावून मुद्देमाल कक्षात ठेवून दिली. रिकाम्या भांड्यात काय सापडणार, असा विचार मी केला. तो निर्णय माझा होता, हवालदाराचा नव्हे.

तिला अटक केली. चौकशी महिला अंमलदारासमोर, दिवसाउजेडी झाली. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने किरकोळ. प्रश्नाचे उत्तर देताना खाली बघायची नाही.

"शेंदूर घेत होतात?"

"हो."

"दर आठवड्याला?"

"हो. दर शुक्रवारी."

"कशासाठी?"

इथे ती गप्प झाली. पहिल्या दिवशी गप्प, दुसऱ्या दिवशी गप्प. बाकी सगळ्याची उत्तरे देणारा माणूस एकाच प्रश्नावर अडतो, तेव्हा पाणी तिथेच मुरते असे आम्ही शिकलेलो. मी तिथेच घाव घालत राहिलो. आवाज चढवला. नको ते बोललो. घराचे बक्षीसपत्र तिच्यापुढे टाकून म्हणालो, "यासाठीच ना?"

पाचव्या दिवशी ती बोलली.

"वाडीच्या कडेला मारुती आहे. दादा दर शनिवारी त्याला शेंदूर लावायचे. आजारी पडल्यावर रोज विचारायचे, लावला का, कोणी लावला. मी सांगायचे, शेजारचे आजोबा लावतात. पण त्या आजोबांना कुठे चालवत होतं? मग मीच लावायचे, पहाटे, कोणी उठायच्या आत."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"बाईमाणसाने मारुतीला हात लावला, हे गावात कळलं असतं तर दादांना लोकांनी काय काय म्हटलं असतं, साहेब?"

दादा जाऊन तेव्हा चार-साडेचार महिने झाले होते. तरी ती त्यांचीच अब्रू सांभाळत होती. हे मला तेव्हा दिसले नाही. मी हवालदाराला पाठवले. तो येऊन म्हणाला, मारुतीवर शेंदराचा थर जाड आहे, तसा जुना वाटत नाही. मी डायरीत तशी नोंद केली आणि मनात म्हणालो, बाई हुशार आहे, अर्धी पुडी देवाला आणि अर्धी सासऱ्याला. एकदा माणूस दोषी धरला की त्याच्या बाजूचा पुरावासुद्धा त्याच्याच विरुद्ध उभा करता येतो. मी तेच केले. पोलीस कोठडी संपली, ती न्यायालयीन कोठडीत गेली.

आरोपी कोठडीत असला की नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल करावे लागते, नाहीतर त्याला जामीन मिळतो. दोन महिने उलटल्यावर मी मुद्देमालाची यादी नोंदवहीशी ताडून पाहत होतो. घागरीचे वर्णन नीट लिहावे म्हणून ती खिडकीशी नेली, आत टॉर्च मारली. कल्हई पांढरी चमकत होती. पण बुडाच्या सांध्यावरून करड्या रंगाचा एक रुंद पट्टा गेला होता, ओबडधोबड, मेण थापल्यासारखा. हात आत घालून मी नखाने ओरखडा काढला. ओरखडा सहज उठला. बोट बाहेर काढले तर टोक काळे झाले होते.

घागर जागेवर ठेवण्याआधी मी तिचे आतून-बाहेरून फोटो काढून घेतले.

विरार पूर्वेला एक म्हातारे तांबट होते. दुकानात आता स्टीलचीच भांडी विकायचे, पण हात जुना. मोबाइलवरचे फोटो त्यांना दाखवले, बोट काळे झाले तेही सांगितले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ धरला.

"भांडं जुनं, फार चांगलं आहे," ते म्हणाले. "मूळ जोड बघा, पत्र्याच्या कडांना दाते पाडून एकात एक बसवलेत. टाकणखाराची पूड टाकून पितळी डाख, म्हणजे सांधा जोडायचा धातू, वितळवलाय. त्यानंतर आतून कथिलाची कल्हई. पण हा करडा पट्टा आमच्या माणसाचा नाही. बुडाला चीर गेली असणार. कोणी तरी आधी गॅसने वेल्डिंग करायला बघितलंय, हे इथे कड जळलीये. पातळ तांब्याला ते जमत नाही. तांबं सगळी आच खेचून घेतं आणि चिरेचं भोक होतं. मग त्यानं वरून शिसं ओतलं."

"शिसंच कशावरून?"

"कथिलाने बोट असं काळं होत नाही. हा गाडीच्या रेडिएटरचा डाख. रेडिएटरला चालतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "यातलं पाणी कोणी पीत नव्हतं ना?"

न्यायालयाची परवानगी घेऊन घागर पंचांसमक्ष प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर यायच्या आधीच मी कारागृहात जाऊन तिला भेटलो. घागरीचे नाव काढताच तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हलले.

"ती सासूबाईंची. त्यांच्या माहेरची. बुडाला चीर गेली म्हणून माळ्यावर पडून होती. दादा सारखे म्हणायचे, हिच्या घागरीचं पाणी काय गोड लागायचं. म्हणून मी बोळिंजला एकाकडे दुरुस्तीला दिली. दादांना आधी सांगितलंच नव्हतं. घरात आली तेव्हा लहान मुलासारखे रडले, साहेब."

"आणायला कोण गेलं होतं?"

"भाऊजी. त्यांच्या घराजवळच दुकान ना. पण का विचारता?"

मी दुकानाची खूण विचारून लिहून घेतली.

बोळिंज नाक्याजवळ रेडिएटर दुरुस्तीचे टपरीवजा दुकान सापडले. कारागीर खाडीकडच्या गावातला, साधा माणूस. घागरीचा फोटो पाहताच त्याने ओळखली.

"ती बाई आनून देऊन गेली, सायेब. मी पयले वेल्डिंग मारून बघितलं, पत्रा जळाला. मग डाख मारला. आमच्याकडं दुसरा डाखच नाय. पन मी सांगतलेलं, याच्यात पिवाचं पानी ठेऊ नका, शोभेला ठेवा."

"बाईला सांगितलं?"

"नाय, बाई परत आलीच नाय. तिचे दीर आलते स्कूटरवर. त्यांना सांगतलं. दोनदा सांगतलं." मग त्याने हातातला पाना खाली ठेवला. "काय झालं, सायेब? कोन आजारी पडलं का?"

थोरल्या मुलाच्या फ्लॅटवर गेलो. कारागिराचे म्हणणे त्याला वाचून दाखवले.

"म्हणाला असेल," तो म्हणाला. "मला आठवत नाही."

"दोनदा सांगितलं म्हणतो."

"फोन चालू होता माझा. घागर पायापाशी ठेवली आणि निघालो. विसरलो असेन."

"दादा आजारी पडल्यावर आठवलं नाही? अहवालात शिसं आलं, तेव्हाही नाही?"

"विसरलो म्हणतो ना, साहेब!"

तीसहून जास्त वर्षे मी माणसांचे चेहरे वाचत आलो. त्याचा मला वाचता आला नाही. खरेच विसरला असेल. अहवाल आल्यावर आठवले असेल आणि स्वतःच्या भीतीने त्याने बोट तिच्याकडे केले असेल. किंवा आधीपासूनच लक्षात असेल. तिन्हींपैकी एकही गोष्ट न्यायालयात टिकली नसती. जबाब लिहून घेतला, त्याने सही केली, मी जिना उतरलो.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. मसाल्यांत, औषधांत काही सापडले नव्हते, डाख मात्र शिशाचा होता. घागरीत रात्रभर साधे पाणी ठेवले तरी शिसे त्यात उतरत होते, आंबट पाणी ठेवले तर कितीतरी जास्त. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला म्हणून आम्ही 'सी' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, न्यायालयात पाठवली आणि तिची सुटका झाली. मृत्यूसाठी कोणालाच शिक्षा झाली नाही.

सुटकेच्या दिवशी मी स्वतः कारागृहाच्या दारात गेलो. चूक माझी होती, तेव्हा माफी मीच मागायला हवी असे वाटले. खरे सांगायचे तर मनातून हलकेही वाटत होते. आपण चांगली बातमी घेऊन चाललो आहोत, अशी माझी समजूत होती.

"ताई, तुमच्यावरचा आरोप गेला," मी म्हणालो. "दादांना कोणी विष दिलं नव्हतं. त्या घागरीच्या डाखात शिसं होतं. ते पाण्यात उतरत होतं. दुकानदाराने तुमच्या दिरांना बजावलं होतं, पण ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्या घागरीचं पाणी?"

"हो."

"दादा त्यात रात्री लिंबाच्या फोडी टाकायचे. पेपरात वाचलं होतं त्यांनी, पोटाला चांगलं म्हणून. फोडी मी करून द्यायचे." मग थांबत थांबत म्हणाली, "आजारी पडल्यावर दुसरं पाणी घेतच नव्हते. म्हणायचे, हिच्या घागरीचं दे, बरं वाटेल. मग मी जास्त द्यायचे. चमच्याने द्यायचे."

"तुम्हाला माहीत नव्हतं, ताई. यात तुमचा काही दोष नाही."

"पण द्यायचे तर मीच ना."

तिचा भाऊ रिक्षा घेऊन आला होता. ती बसली, रिक्षा निघून गेली. मी जी बातमी आनंदाची म्हणून नेली होती, ती तिच्या पदरात टाकून मी ठाण्यात परतलो आणि दुपारी हजेरी घेतली.

निवृत्त झाल्यावर एकदा मी तिच्या भावाच्या घरी गेलो. सासऱ्यांचे घर तिने दिराच्या नावावर करून दिले होते, कोणी मागितले नसताना. ओटीवर बसली होती. भावजय चहा घेऊन आली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "स्वतःच्या हाताने कोणाला घोटभर पाणी देत नाहीत. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. पोरांनी हात पुढे केला तरी उठून जातात."

मी तिच्यासमोर बसलो. पुन्हा माफी मागितली. तिला कोठडीत पाठवले, नको ते बोललो, त्याबद्दल. तिने ऐकून घेतले.

"कोठडीचं काही नाही, साहेब," ती म्हणाली. "तिथे मला झोप लागायची. मी काही केलेलं नाही, हे मला ठाऊक होतं."

नवीन अधिकाऱ्यांसमोर बोलायला कधी बोलावले तर मी हे प्रकरण सांगतो. जप्त केलेली प्रत्येक वस्तू पहिल्याच आठवड्यात तपासणीला पाठवा, रिकामी असली तरी पाठवा. गप्प बसलेला माणूस गुन्हाच लपवत असतो असे धरून चालू नका. मुले लिहून घेतात. मग एखादा विचारतो, सर, शेवटी सत्य बाहेर आलं ना? मी हो म्हणतो. ते माझ्याच हातून बाहेर आले, आणि निर्दोष सुटलेल्या त्या बाईला मीच जन्मठेप देऊन आलो, हे मात्र मला अजून कोणापुढे म्हणता आलेले नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.