शिजवलेलं जात नाही

कोंबडी गेली. भोपळा गेला. उसाची मोळी गेली, मक्याची कणसं गेली. एका आजींनी आणलेली सहा अंडीसुद्धा हसतखेळत गेली. मग लिलाव पुकारणाऱ्या काकांनी माझ्या आईचं गाठोडं वर उचललं. पांढऱ्या फडक्यात बाजरीच्या वीस भाकरी. वर तीळ लावलेले. अजून मऊ होत्या.

"बोला, कोण घेतं? देवाच्या नावानं बोला."

कुणी बोललं नाही.

काकांनी पुन्हा पुकारलं. पुढच्या बाकावरच्या एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. एकजण उगाच खोकला. काकांनी गाठोडं हळूच टेबलाखाली ठेवलं आणि पुढची वांग्यांची पाटी उचलली. वांगी लगेच गेली.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. तालुक्याच्या चर्चमधला हंगामाचा सण होता. ज्याच्या शेतात जे पिकेल ते त्यानं देवापुढं आणायचं आणि उपासना झाली की त्याचा लिलाव, अशी रीत. आम्हाला शेत नव्हतं. आई भिगवणच्या मासळी बाजारात चिलापी निवडायला जायची. शेत नाही तर न्यायचं काय, म्हणून ती पहाटे उठून भाकरी थापून बसली होती. एसटीत मला म्हणाली होती, "आपल्या हाताचं ह्येच पीक, बाय."

सगळे चहाला पांगल्यावर चर्चच्या खजिनदारांच्या बाई आईजवळ आल्या. गोड बोलणाऱ्या होत्या. त्यांनी गाठोडं आईच्या हातात दिलं, तेही फडक्याच्या गाठीला धरून.

"पुढच्या वर्षी काहीतरी कच्चं आणा हं. शिजवलेलं जात नाही."

आई म्हणाली, "बरं बाई."

एवढंच. बरं बाई. मला वाटत होतं आई काहीतरी बोलेल. ती मासळी बाजारात व्यापाऱ्याच्या तोंडाला तोंड देणारी बाई. इथं तिची मान खाली गेली आणि मी तिचा पदर धरून उभी राहिले. परतीच्या एसटीत मला भूक लागली होती. मांडीवर वीस भाकरी होत्या. पण मागायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर आजी म्हणाली, कोंबड्यांना घाल. आई म्हणाली, "देवाला दिल्याली हाय, टाकायची न्हाय." दोन दिवस आम्ही त्याच भाकरी कालवणात चुरून खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास यायला लागला, तरी आईनं शेवटची भाकर स्वतः संपवली.

आमचा मांगवाडा उजनीच्या पाण्याकडच्या अंगाला. आजोबांच्या काळात आम्ही ख्रिस्ती झालो. वाड्यात प्रार्थनेसाठी पत्र्याची शेड आहे. आत शेणानं सारवलेली जमीन, बसायला पोती, आणि मासळीच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेलं एक टेबल. ते कितीही घासलं तरी पावसाळ्यात चिलापीचा वास सोडत नाही. बाहेरचा माणूस नाक मुरडेल. मला मात्र आजही कुठं तो वास आला की आपसूक हात जोडावेसे वाटतात.

माझा विश्वास त्या शेडमधला आहे. गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. कुणाचं पोर आजारी आहे, कुणाचा नवरा परवापासून घरी आलेला नाही, सगळं सगळ्यांना ठाऊक. वडील हलगीवर गीत धरायचे आणि शेजारची आत्या सूर सोडून, पण जीव तोडून गायची. येशू आमच्या पोत्यावर आमच्यासारखाच मांडी घालून बसतो, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. तालुक्याच्या चर्चमध्ये दगडी कमान होती, पॉलिशची बाकं होती, उंच छत होतं. तिथं तो कुठं बसत असेल ते मला कळायचं नाही.

आणि गंमत बघा. त्या बाकांवर बसणाऱ्यांच्या पणज्यांची घरंही वेशीबाहेरचीच. कुणी आकाशातून पडलं नव्हतं. आमच्याआधी दोन पिढ्या बाप्तिस्मा झाला, मिशनच्या शाळेत शिकले, नोकऱ्या लागल्या. वरची पायरी मिळाली की माणूस आधी खालच्या पायरीकडं बघतो.

पुढच्या वर्षी आईनं भिगवणच्या बाजारातून भोपळा विकत घेतला आणि सणाला नेला. तो गेला. घेणाऱ्यानं आईकडं बघून हात जोडले. "गेला गं बाय आपला भोपळा!" आई वाटभर सांगत होती. त्या दिवशी मला तिचा जेवढा राग आला, तेवढा त्या खजिनदारबाईंचाही आला नव्हता. नंतर शाळेत गुरुजींनी जात नाही ती जात, असं कशावरून तरी म्हटलं. वर्ग हसला. मला त्या बाईंचं वाक्य आठवलं आणि ते सगळं तिथंच उलगडलं. त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. आम्हीच भोळे.

मी नर्स झाले. बारामतीच्या एका दवाखान्यात काम करते. माझ्या हातची सुई चालते, सलाइन चालतं, माझ्या हातचं रक्तही चढवून घेतात. दवाखान्यात कच्चं-शिजलेलं कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली. मी तिची धुणी-पुसणी करत होते तेव्हा एकदा म्हणाली, "एक डाव त्या टेबलावर माझ्या हातची भाकर ठिवावी वाटती. प्रभुभोजनाला." मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे? मग माझंच मला आठवलं. महिन्यातून एकदा चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून सगळ्यांना द्यायला, आमच्या शेडमध्ये येतात. येताना स्टीलचा डबा आणतात. त्यात पांढऱ्या पोळीचे चौकोनी तुकडे असतात. आमच्या शेडमध्ये, आमच्या टेबलावर, आमच्यासाठी मोडायची भाकर बाहेरून येते. वाड्यात घरोघरी चूल पेटत असताना. इतकी वर्षं मी ती तोंडात घेत होते आणि माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पुढच्या वेळी मी रिकामा झालेला डबा हातात घेऊन उलटा केला. भांड्यावर नाव कोरतात तसं खाली नाव कोरलेलं होतं. त्याच खजिनदारबाईंचं.

आत्ताचे पाळकसाहेब तरुण आहेत, स्वभावानं वाईट नाहीत. चहा विचारला की नेहमी म्हणतात, "आत्ताच घेऊन आलो." मी त्यांना फोन केला. म्हटलं, यावेळची भाकर आई करील.

"भाकर चर्चमधूनच येते, ताई. तशी पद्धत आहे."

"पद्धत कुणी घातली?"

"कमिटीनं."

"कमिटीत आमच्या वाड्यातलं कोण आहे?"

ते म्हणाले, "आईंसाठी प्रार्थना करतो."

त्या रविवारी चौघांनी आईला बाजेसकट शेडमध्ये आणलं. सकाळी तिनं मला परातीला हात लावू दिला नव्हता. एकट्या डाव्या हातानं तिनं भाकर थापली. वाकडी झाली, कडेला चिरली, एका बाजूला करपली. मी ती ताटलीत घालून टेबलावर ठेवली. पाळकसाहेबांनी डबा ठेवला. त्यांनी भाकरीकडं बघितलं. मग ताटली उचलून खिडकीत सरकवली.

"ही आपण नंतर सगळ्यांच्या जेवणात, प्रेमभोजनाला घेऊ."

मी उभी राहिले. "न्हाय साहेब. ती आत्ता मोडायची."

सगळी शेड माझ्याकडं बघत होती. आईनं चांगल्या हातानं माझी साडी ओढली. "बस गं. मला घिऊ दी. पुना मिळंल न मिळंल."

मी बसले. काय करणार होते? त्यांनी डब्यातला तुकडा आईच्या तोंडात ठेवला. तिच्या वाकड्या ओठातून तो निसटत होता, मीच बोटानं आत सारला. या हातानं मी किती मरणारी माणसं सांभाळली आहेत, पण तेव्हा तो हात मला माझा वाटला नाही.

सतराव्या दिवशी आई गेली.

पुढच्या महिन्यात डबा आला तेव्हा मी झाकणावर हात ठेवला. "उघडू नका." टेबलावर माझी भाकर होती. पाळकसाहेबांचे डोळे भरले होते, हेही खरं. पण त्यांनी डबा पिशवीत घातला आणि गाडीला किक मारली.

वाडा माझ्यावर उलटला. "तुझ्यापायी आमचं प्रभुभोजन बुडालं," आत्या भर शेडमध्ये म्हणाली. तिचं काय चुकलं? आता चार महिने झाले. कमिटीनं कळवलं आहे की मी चूक कबूल केल्याशिवाय पाळक येणार नाहीत. अर्धी माणसं रविवारी टमटम करून तालुक्याला जातात आणि मागच्या बाकांवर बसतात. शेडमध्ये आम्ही नऊजण उरलो आहोत. हलगी वाजत नाही. उद्या नऊचे पाच होतील, हेही मला दिसतंय आणि ते थांबवणं माझ्या हातात नाही.

पण चूल माझ्या हातात आहे. दर रविवारी मी भाकर थापते आणि त्या टेबलावर ठेवते. कुणी मोडो न मोडो. यंदाच्या हंगामाच्या सणालाही मी तालुक्याला जाणार आहे. भोपळा नेणार नाही. पांढऱ्या फडक्यात वीस भाकरी नेणार, आणि त्या टेबलाखाली सरकवल्या तर वाकून पुन्हा वर ठेवणार.

शिजवलेलं जात नाही म्हणता ना? मग ऐका. मीही तिथून जात नाही.