पुढच्या दांड्याखाली

"काट्यावाले, तूच सांग. किती टन भरली?"

जनाशेठनं हे विचारलं तेव्हा माझ्या ओट्यासमोर अख्खा गाव उभा होता. गाव हसला. मीही हसलो. काय करणार. उरण रोडला कंटेनरच्या गाड्या जिथे तोलतात त्या वजनकाट्यावर मी कामाला, म्हणून मी काट्यावाला. आणि माझ्या दारात देवीची पालखी जड झाली होती.

चैत्रात आमच्या गावदेवीची पालखी घरोघर फिरते. दारात थांबते. घरातली बाई खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, देवीची ओटी भरते, पालखी पुढे जाते. देवी रागावली तर पालखी जड होते. हलत नाही. मग त्या घरानं काय चुकलं ते कबूल करायचं, गावकी सांगेल ते करायचं. लहानपणापासून हे बघत आलो.

माझ्या घराचं दार बंद होतं. आत माझी बायको सुनंदा बसली होती. ती उठणार नव्हती.

आमचा मुलगा त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेला. पनवेलहून बाइकवर येत होता, हायवेला ट्रेलरनं उडवलं. हॉस्पिटलात असेपर्यंत सुनंदानं एकही देव सोडला नाही. नवस बोलली, अनवाणी राहिली, आयसीयूच्या काचेला देवीचा अंगारा लावून आली. मुलगा गेला. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि तिनं देव्हाऱ्यातले टाक पुसून तांदळाच्या डब्यात ठेवले. रागानं नाही. वापरातून गेलेली भांडी ठेवावीत तसे. म्हणाली, "ती हाय का नाय, मना म्हाईत नाय. पन मी आता तिच्याशी बोलनार नाय."

एवढंच तिचं म्हणणं. कोणाला शिकवायला गेली नाही, कोणाच्या देवाला वाईट बोलली नाही. तेवढं न बोलणं तिला धरून ठेवत होतं. परत जेवायला लागली होती. रात्रीची झोपायला लागली होती.

आणि पालखी दारात येऊन थांबली.

जनाशेठ गावकीचा अध्यक्ष. विमानतळाकडची जमीन गेली त्यात मोठा झाला. देवळाला संगमरवर त्यानं घातला, पालखीला चांदीही त्यानंच मढवली. तो म्हणाला, घरधन्यानं उंबऱ्यावर नाक घासायचं, नारळ ठेवायचा, आणि बाईनं स्वतः बाहेर येऊन ओटी भरायची. देवी तशी जाणार नाय.

मी नाक घासलं. पन्नाशीला आलेला माणूस, स्वतःच्याच उंबऱ्यावर. सिमेंटचा खरखरीत उंबरा. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं. ते झालं. मग मी आत गेलो आणि सुनंदाला दंडाला धरून उठवलं. ती नको म्हणाली नाही. माझ्याकडे फक्त बघितलं. मी तिला ओढत बाहेर आणलं. तिनं ओटी भरली. तांदूळ अर्धे खाली सांडले.

पालखी हलली. ढोल वाजले. गाव पुढच्या दाराला गेला.

आता जे सांगतो ते तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

पालखी कशी जड होते, मला माहीत होतं.

विशीत मी खांदेकरी होतो. पुढच्या दांड्याखाली मी आणि जना. तेव्हा तो शेठ नव्हता, नुसता जना होता, माझा वर्गमित्र. देवळाकडे जायची वाट मिठागरावर राबलेल्या एका विधवेच्या अंगणातून काढायची होती. बायजी तिचं नाव. ती अंगण देत नव्हती. त्या चैत्रात तिच्या दारात पालखी टेकायला आली आणि जना माझ्या कानाशी म्हणाला, "दाब."

मी दाबली. त्याला फार ताकद लागत नाही. पुढच्या दोघांनी गुडघे जरासे दुमडायचे आणि दांडा हातानं खाली ओढून धरायचा. मागच्यांना खरंच वाटतं, वजन वाढलं. मागचे खोटं बोलत नसतात. ते घामाघूम होतात, रडतात, अंगात आल्यासारखे ओरडतात. त्यांच्यासाठी देवी खरीच असते. खोटं असतं ते फक्त पुढे.

बायजीनं अंगण दिलं. पदर पसरून दिलं. वर म्हणाली, "माझ्याकडं मागितलं तिनं. एवढ्या गावात माझ्याकडं." त्या दिवसापासून ती मान वर करून चालायची. मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची, देवी माझ्या दारात बसली होती. जना आणि मी त्या रात्री खाडीच्या बांधावर बसून हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. घरी आलो आणि देव्हाऱ्यासमोर हात जोडायला गेलो तर हात जुळेनात.

देव माझा त्या रात्री गेला. भीती गेली नाही. ती देवाची कधी नव्हतीच. गावाची होती. म्हणून मी हात जोडत राहिलो. मुलाच्या बारशाला, वास्तुशांतीला, सगळीकडे. लोक मला भाविक समजायचे.

म्हणून त्या दिवशी माझ्या दारात जनाशेठनं वजन विचारलं तेव्हा तो गावाशी बोलत नव्हता. माझ्याशी बोलत होता. पुढच्या दांड्याखाली त्याचे दोन पुतणे होते. एक इंजिनियर आहे. त्यांचे गुडघे दुमडलेले मला दिसत होते. जनानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. त्याला खात्री होती, हा बोलणार नाही.

त्याची खात्री बरोबर निघाली.

पण खरी शिक्षा नाक घासण्यात नव्हती. पालखी गेल्यावर सुनंदा चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "मी ओटी भरली नि लगेच हलली."

मी कामाचा शर्ट अंगात घातला.

"म्हंजे ती हाय."

मी बटणं लावत राहिलो.

"म्हंजे तवा पन व्हती. काचेच्या पलीकडं माझा पोर मरत व्हता तवा ती बगत व्हती. माझंच कायतरी चुकलं आसंल."

तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. सुनंदा, देवी नव्हती, जनाचे पुतणे होते. मी पाणी प्यायलो आणि काट्यावर निघून गेलो.

टाक डब्यातून परत देव्हाऱ्यात आले. उपास सुरू झाले. मंगळवार, शुक्रवार, मग मधलेही. तिला साखरेचा त्रास. डॉक्टर ओरडले, तरी उपास. आपलं काय चुकलं ते ती शोधत बसायची. लग्नानंतर एकदा विटाळात देवळापाशी गेले होते का. मुलगा पोटात असताना कोणाला काही बोलले का. बायांना विचारायची, देवळातल्या भगताला विचारायची. तो दर वेळी नवी चूक काढून द्यायचा. देवीच्या नसलेल्या रागापायी माझी बायको डोळ्यांदेखत वाळत होती आणि मी शेजारी बसून भात कालवत होतो.

मला वाटायचं, गावातली मुलं शिकली की हे सुटेल. मुलं शिकली. पनवेलला कॉलेजात गेली, पुण्याला, काही परदेशात. चैत्रात रजा काढून येतात आणि खांदा देतात. त्या इंजिनियर पुतण्याला मी नंतर एकदा विचारलं, तू मानतोस का रे हे? तो म्हणाला, "काका, मानत कोण बसलंय? पण आपलं कल्चर आहे ना." मानणारे कमी झाले. मागचा दांडा रिकामा व्हायला लागलाय. पुढे मात्र गर्दी आहे.

दिवाळीच्या सुमारास सुनंदा चक्कर येऊन मोरीत पडली. कपाळाला टाके पडले. हॉस्पिटलातून आणल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल? आज देवीला दिवा लावला का.

त्या संध्याकाळी मी बोललो. सगळं. गुडघे कसे दुमडतात तेही उठून दाखवलं. ती बघत होती. वाटलं होतं, रडेल. शिव्या देईल. मोकळी होईल, असंही वाटलं होतं.

ती म्हणाली, "नि बायजी?"

मी म्हणालो, ती तर गेली.

"तिला कोन सांगनार?"

मग हळूच म्हणाली, "तुमाला म्हाईत व्हतं. मी मरत व्हते नि तुमाला म्हाईत व्हतं."

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आपट्याहून आला आणि तिला घेऊन गेला. ती तिकडेच आहे. उपास सोडलेत, असं भाऊ फोनवर सांगतो. माझ्याशी बोलत नाही. एकदा ती देवीशी बोलायची थांबली होती, तशीच आता माझ्याशी थांबली. देवीबद्दल तिला शंका तरी होती. माझ्याबद्दल नाही.

गावकीची बैठक होती, तिथे मी गेलो. देवळाच्या सभामंडपात, सतरंजीवर. उभा राहून म्हणालो, पालखी जड होत नाय, जड करतात. बायजीच्या दारात मी केली होती. माझ्या दारात पुढच्या दांड्याखाली जे होते त्यांना विचारा.

कोणी हसलं नाही. एक म्हातारा थुंकायला बाहेर गेला. मागून कोणीतरी म्हणालं, पोर गेला तसं डोकं फिरलंय याचं. जनाशेठ शांत होता. म्हणाला, "मग तू पापी. तुझाच खांदा व्हता ना?"

"व्हता," मी म्हणालो. "तुझ्या शेजारीच व्हता, जना."

शेठ नाही म्हणालो. तो शेठ झाल्यापासून पहिल्यांदा त्याच्यासमोर माझा आवाज कापला नाही.

तेव्हापासून गावात माझ्याशी बोलणं बंद आहे. हळदीला बोलावणं नाही. दुकानदार वस्तू देतो, पण हातात नाही, फळीवर ठेवतो. वाळीत टाकलं असं तोंडानं कोणी म्हणत नाही, आता कायदा आहे. निरोप मात्र आला, यंदा पालखी तुझ्या दारात येणार नाय.

नको येऊ दे. मीच जाणार आहे तिच्या वाटेवर. वरच्या आळीत एक पोरगी आहे, नवरा गेलेली. तिच्या घराची जागा रस्त्याला लागून आहे आणि जनाशेठला ती हवी आहे. पालखी कुठे जड होणार, मला आत्ताच माहीत आहे. मी त्या दारात आधीच जाऊन उभा राहीन. मारतील. मारू देत. देवी आहे की नाही, मला अजूनही सांगता येत नाही, आणि त्यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. मागच्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याला मी हात लावणार नाही.

मी फक्त पुढच्या दोघांचे गुडघे दाखवणार आहे. त्या पोरीला. तिच्या दारात. तिनं पदर पसरायच्या आत.