आभाळाच्या वाटेतली खरखर

खरखरकाकांचा धंदा सांगायला सोपा, पटवायला अवघड. ते खरखर पकडतात.

टेकडीमागच्या खोलगटात वेधशाळेची भलीमोठी तबकडी आहे, अख्खी आळी आत मावेल एवढी. ती आभाळ बघत नाही, ऐकते. पण आभाळातून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या अशक्त, की खाली गावात कुणाच्या कुंपणाची वीजतार ओल्या गवताला टेकून तडतडायला लागली, तरी तबकडीचे कान किटतात. ती ठिणगी कुठे उडतेय ते हुडकायचं आणि बंद पाडायची, एवढ्यासाठी काकांना नेमलेलं. पूर्वी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ दुरुस्त करून घेणं सोडलं आणि दुकान बसलं. कान मात्र शाबूत राहिले, आणि वेधशाळेला कानच हवे होते.

त्यांची जीप डिझेलची. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी उडते, आणि चोर धरायला निघालेल्यानेच खिसे कापले तर कसं व्हायचं? टपावर माशाच्या काट्यासारखा अँटेना, सीटशेजारी एक पेटी. ठिणगी जवळ आली की पेटी खरखरते, अगदी जवळ आली की किंचाळते. जीप दिसली की बायामाणसं आपापले पंखे आणि मिक्सर आठवायला लागतात. काका कुणाच्याही घरात शिरले की आधी फ्रिजची विचारपूस करतात, मग पोराबाळांची. दूधवाल्याचं धारा काढायचं यंत्र त्यांनी खोलून नीट केलं होतं, शाळेतल्या लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइट बदलून दिल्या होत्या, आणि न्हाव्याच्या केस कापायच्या मशीनवर तर त्यांचा कायमचा दात होता.

यंदा वेधशाळेत एक डॉक्टरीणबाई आल्या. दुखण्याखुपण्याच्या नव्हेत, आभाळाच्या. त्या रेडिओलहरींचे झटके शोधायच्या. पार दुसऱ्या आकाशगंगेत काहीतरी फुटतं आणि पापणी लवायच्या आत, सूर्याला कित्येक दिवस पुरेल एवढी ताकद ओतून गप्प होतं. माणसाला याचा पत्ता लागून फार वर्षं झालेली नाहीत. बहुतेक झटके एकदाच दिसतात, थोडे मात्र पुन्हा पुन्हा येतात. मेलेल्या ताऱ्याचं उरलेलं, भयंकर चुंबकी गाठोडं हे करत असावं असा संशय आहे, पण पुरतं उत्तर अजून कुणापाशी नाही. बाईंच्या नजरेतला झटकेवाला तर लहरी नवऱ्यासारखा. काही दिवस बोलायचा, मग तोंड शिवून बसायचा, मग पुन्हा बोलायचा. त्याच्या बोलायच्या दोन फेऱ्या खालच्या खरखरीत वाहून गेल्या होत्या. आता तिसरी सुरू होणार होती, आणि त्यानंतर तबकडी दुसऱ्यांना द्यायची ठरलेली.

"काका, ही एक फेरी तेवढी स्वच्छ मिळू दे," बाई म्हणाल्या होत्या. त्यांनी दटावलं असतं तर काकांनी वरचढ उत्तर दिलं असतं. पण पोरीचा चेहरा एवढासा झाला होता, आणि तो चेहरा जीपमध्ये काकांच्या शेजारीच बसून फिरायला लागला.

खरखर दुपारची यायची, ढगाळ गार दिवशी जास्त. ती एकसारखी नसे. कट्ट व्हायची, थांबायची, पुन्हा कट्ट. काकांनी कुंपणं बघितली, खांब बघितले, दूधवाल्याच्या गोठ्यात शेणात पाय घालून उभे राहिले. काही नाही. शेवटी पुन्हा न्हाव्याच्या दुकानात शिरले. न्हाव्यापुढे गिऱ्हाईक अर्धी दाढी करून बसलेलं.

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. त्याला राग नव्हता आला, पण गिऱ्हाइकासमोर झडती म्हणजे इज्जतीचा सवाल. तो म्हणाला, "काका, आमची झडती रोज घ्या. पण तुमच्या आळीच्या कोपऱ्यावर आलात की पेटीचं बटण बंद करता, हे आम्ही बघतो बरं का."

गिऱ्हाईक साबणातून हसलं. पण ते खरं होतं. काम घरात आणायचं नाही असा बायकोचा दंडक, म्हणून इतकी वर्षं कोपऱ्यावर त्यांचा हात आपोआप बटणावर जायचा. सगळं गाव पिंजून झालं होतं, तेवढी एक आळी सोडून.

त्या दुपारी त्यांनी बटणाला हात लावला नाही. कोपऱ्यावर पेटी कुरकुरली. शिंप्याच्या दारापाशी खरखरली. काकांना शिंप्याचं मोटार लावलेलं जुनं शिवणयंत्र आठवलं आणि जरा हायसं वाटलं. पण शिंपी मागे पडला तरी आवाज चढतच गेला, आणि काकांच्या स्वतःच्या दारात पेटीनं जी किंकाळी मारली, ती ऐकून बायको हात पुसत बाहेर आली. नवऱ्याचं तोंड बघितलं आणि पुन्हा आत गेली. तिला ठाऊक होतं.

आतल्या खोलीत सासूबाई पलंगावर ताठ बसल्या होत्या. लेकीनं सांभाळायला आणलेल्या, पण घर त्याच सांभाळायच्या. गुडघ्यांवर चादर. काकांनी हातातला छोटा अँटेना पुढे धरला. चादरीपाशी त्याच्या मुठीवरच्या मापकाचा काटा पार आडवा पडला.

"आई, खाली काय आहे?"

"माझे गुडघे आहेत. तुमचे कुठे असतात?"

काकांनी चादर उचलली. विजेची शेकायची गादी. त्यांच्या थोरल्या मुलानं पाठवलेली. गरम झाली की आपोआप बंद, गार झाली की चालू. आतली पट्टी झिजलेली, त्यामुळे दर वेळी ठिणगी. जावई गावभर असल्या वस्तूंवर कसा तुटून पडतो हे म्हातारीला माहीत होतं, म्हणून तो बाहेर पडला की शेक घ्यायचा आणि जीप वाजली की गादी चादरीखाली दडवायची, असं महिनोन्‌महिने चाललेलं. दुखतंय असं तिनं जावयाला एकदाही सांगितलं नव्हतं.

काकांना आधी राग आला, मग तो कुणावर काढावा ते कळेना. ते पलंगाच्या कडेला बसले आणि डॉक्टरीणबाईंची गोष्ट त्यांनी सगळी सांगितली. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या पोरीचं काम मी बुडवलं?"

"मी बुडवलं. मी बटण बंद करत होतो."

म्हातारीनं स्वतःच्या हातानं तार उपटली आणि गादी त्यांच्या मांडीवर टाकली. "मग शेक कोण देणार?"

काकांनी आधी वेधशाळेला फोन केला. खांबात बिघाड होता असं सांगता आलं असतं. ओठावर आलंही होतं. पण ते म्हणाले, "बाई, सापडली. माझ्याच घरात, सासूच्या गुडघ्याखाली." पलीकडे असं हसू फुटलं, की शेजारी उभ्या बायकोलाही ऐकू गेलं.

झटकेवाला बोलायचे दिवस आले. काकांनी रजा टाकली आणि चुलीपाशी ठाण मांडलं. पाणी तापवायचं, रबरी पिशवीत भरायचं, गुडघ्यावर ठेवायचं. तोवर दुसरं आधण. लग्नात सुद्धा माणूस इतका जवळ बसला नव्हता, असं बायको म्हणाली. सासूबाई पिशवी डावीकडे सरकवायला लावायच्या, मग उजवीकडे, आणि मध्येच विचारायच्या, बोललं का ते?

बोललं. फेरी संपायच्या आत बाई स्वतः घरी आल्या, हातात कागद. कागदावर एक वाकडी रेघ.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी समजावलं. खालची ठिणगी असती तर रेघ सरळ उभी आली असती. हा झटका विरळ वायूतून फार लांबून आलाय, त्यात बारीक सूर आधी पोचतात, जाड सूर मागे रेंगाळतात, म्हणून रेघ वाकते. निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता.

"एवढं चालून आलं, आणि दारात येऊन माझ्या गुडघ्यांवर आपटलं असतं," म्हातारी म्हणाली, आणि कागद पदरानं पुसून परत दिला.

फेरी संपली तशी काकांनी गादी टेबलावर उसवली. जुनी रेडिओची हत्यारं काढली, झिजलेली पट्टी बदलली, ठिणगी गिळणारा एक तुकडा आत बसवला. पण सासूबाई बसायला तयार होईनात. आधी ऐकवा म्हणाल्या. मग काकांनी जीपमधली पेटी घरात आणली, बायकोचा दंडक मोडून. गादी चालू झाली, तापली, बंद झाली, पुन्हा चालू झाली. पेटी गप्प. म्हातारीनं कान पेटीला लावला.

"काहीच ऐकू येत नाही की."

"तेच तर ऐकायचं असतं, आई."

सासूबाईंनी लेकीकडे बघितलं. "आणि याचा यांना पगार देतात," असं म्हणून त्यांनी गुडघे गादीवर सोडून दिले.