बैलाच्या पोटातल्या गोळ्या

जळगावच्या सोहनलाल शेठचा निर्मलकुमार कापडाच्या गादीवर न बसता औषधशास्त्र शिकला आणि अडुसष्ट साली पिंपळनेरला औषधांचं दुकान थाटून बसला. कॉलेजात त्याला मलम घोटायला शिकवलं. संताप गिळायला कुणी शिकवलं नाही.

क्षयाचे रोगी लोटनआबा महिना संपायच्या आधीच गोळ्या मागायला आले.

"सगळ्या संपल्या?"

"माले आते खोकला नही, भाऊ. बैल खोकत व्हता, त्याले दिन्यात."

"बैलाला? आबा, दीड वर्ष खायच्यात त्या! मध्येच सोडल्यात तर मराल, अन् बैल जगेल!"

बाजार थबकून ऐकू लागला. निर्मलकुमारने तिथेच फर्मान काढलं: आबांनी रोज दुकानात यायचं, गोळी त्याच्यासमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं.

एकदा आबा आलेच नाहीत. निर्मलकुमारने भर बाजाराच्या दिवशी दुकानाला कुलूप ठोकलं, गोळी खिशात टाकली आणि वाटभर शिव्या घालत सायकलवरून त्यांचं शेत गाठलं. आबा बैलाला पाणी पाजत होते.

"आ करा!" तो गरजला.

आबांनी मुकाट्याने तोंड उघडलं. बैलानेही जीभ बाहेर काढली.

"तू गप रे!" निर्मलकुमार त्याच्यावरही खेकसला.